घटनेची वेळ: भर दुपार

रात्रीच्या, भुतांच्या वॉकला आलेल्या लोकांना सगळ्यात आधी सांगावं लागतं की आपण आत जाणार नाही. शनिवारवाडा संरक्षित स्मारक आहे, संध्याकाळी फाटक बंद होतं. बुकिंग करताना हे लिहिलेलं असतं, पण वाचत कोणी नाही. मग दिल्ली दरवाजासमोर उभं राहून पहिली पाच मिनिटं नाराजी ऐकून घ्यायची आणि त्याच नाराज माणसांना पुढचा दीड तास बाहेरूनच धरून ठेवायचं.

हे मला चांगलं जमतं. ग्रुप नेहमी शिवाजी रस्त्याकडे पाठ करून उभा करायचा, नाहीतर बसचे दिवे थेट डोळ्यांत येतात आणि लक्ष उडतं. दरवाजाच्या अगदी जवळ जायचं नाही. थोडं लांबून टॉर्चचा झोत खालून वर न्यायचा: आधी फाटकातली छोटी दिंडी, मग हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले अणकुचीदार खिळे, मग वर नगारखाना. आवाज वाढवायचा नाही, उलट उतरवायचा. माणसं आपोआप दोन पावलं पुढे येतात. सिग्नल लागून रस्ता थोडा शांत होतो, तेवढ्या अवधीत महत्त्वाचं वाक्य बसवायचं. कोणी शिकवलेलं नाही, त्याच फरशीवर उभं राहून राहून हाताशी आलेलं कसब आहे.

संयोजकाने मात्र सोबत एक छोटा स्पीकर दिलेला असतो. ‘काका, मला वाचवा’ ही, या वाड्यात खून झालेल्या नारायणराव पेशव्यांची म्हणून सांगितली जाणारी किंकाळी त्यात रेकॉर्ड केलेली आहे. ग्रुपच्या मागे उभा असलेला मदतनीस मुलगा ठरल्या वेळी ती वाजवतो. मला ती पहिल्यापासून आवडलेली नाही आणि तसं मी सांगितलंही होतं. ‘रिव्ह्यू त्यावरच येतात’ हे उत्तर मिळालं. रिव्ह्यू त्यावरच येतात, हे खरं आहे.

ज्या रात्रीबद्दल लिहितेय तो पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार होता. पौर्णिमेच्या रात्री आवाज येतो ही दंतकथा, त्यामुळे बुकिंग फुल्ल. हिंजवडीतली एका ऑफिसची मंडळी, इंदूरहून आलेलं मराठी कुटुंब, कॉलेजची पोरं, आणि एका भाच्यासोबत आलेले सोलापूरकडचे गृहस्थ. साठीपलीकडचे, ताठ चालीचे. भाच्याने हळूच सांगितलं, ‘मामा पोलिसात होते, सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले. सहज आणलंय.’

सुरुवातीचं सगळं नेहमीसारखं झालं. 10 जानेवारी 1730 ला पायाभरणी, 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत, पहिल्या बाजीरावांचा वाडा. 1828 च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या, म्हणून आज दिसतात ते कोट, बुरूज, दरवाजे आणि आत नुसती जोती. मग नारायणराव. थोरले माधवराव नोव्हेंबर 1772 मध्ये थेऊरला वारले, गादीवर धाकटा भाऊ आला. चुलते रघुनाथराव याच वाड्यात नजरकैदेत. 30 ऑगस्ट 1773, भाद्रपद महिना. पगार थकला म्हणून ओरडा करत गारदी, म्हणजे पेशव्यांच्या पदरचे भाडोत्री शिपाई, आत घुसले.

इथे मी नेहमी थांबते. तेवढ्यात मामांनी हात वर केला.

‘ताई, घटना किती वाजता घडली?’

‘दुपारी. जेवणं आटोपली होती, नारायणराव विश्रांतीला गेले होते.’

‘दुपारी?’ हा प्रश्न मामांचा नव्हता, हिंजवडीच्या घोळक्यातून आला. ‘मग आवाज रात्री का येतो?’

मला याचं उत्तर देता आलं नाही, आणि आजही ते माझ्याकडे नाही. खून दुपारी झाला हे मी नेहमीच सांगते, पण पाठीमागे चंद्र, समोर टॉर्च आणि माझा उतरवलेला आवाज, यात ते कोणाच्या कानात शिरत नाही. मामांच्या शिरलं. वेळ कळल्याशिवाय ते पुढे जाईनात.

‘भर दुपारी, एवढ्या मोठ्या वाड्यात. गेटवर ड्युटी कुणाची? आत कुठनं शिरले?’

मी सांगितलं, की चुलत्या-पुतण्यांच्या राहण्याच्या जागा वेगळ्या करण्यासाठी त्या सुमारास वाड्यात फोडाफोड आणि बांधकाम चाललं होतं, आणि गारदी त्या अर्धवट कामाच्या वाटेने आत शिरले अशी नोंद आहे.

‘म्हणजे माहितगार माणूस होता. आधी काही खबर?’

होती. शिपाई बिथरलेत, बंदोबस्त करा, असं खुद्द नारायणरावांनी त्याच सकाळी आपले सरदार हरिपंत फडक्यांना सांगितलं होतं. हरिपंत ‘करतो’ म्हणाले, जेवायला गेले आणि वेळेत परतले नाहीत.

मामा काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. कोणी मागून विचारलं, ‘आणि ती आनंदीबाई? ध चा मा?’ हा प्रश्न प्रत्येक वॉकला येतोच. शंभरातल्या नव्वदांना या प्रकरणातलं तेवढंच ठाऊक असतं. रघुनाथरावांच्या चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं. माझ्या आधी मामाच बोलले: ‘ती चिठ्ठी जप्त झालीय का? तुम्ही बघितलीय?’ मी म्हटलं, मूळ चिठ्ठी मी कधी पाहिलेली नाही. ‘मग एका बाईवर टाकून मोकळं व्हायचं नाही. आत शिरलेले किती, आतून साथ देणारे किती, ते सांगा.’

आणि मी सांगत गेले. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ हे गारद्यांचे म्होरके. तुळाजी पवार, जो घरचाच नोकर होता. नारायणराव धावत चुलत्याकडे गेले, त्यांना मिठी मारली. ‘काका, मला वाचवा’ म्हणतात ते या क्षणाचं. तुळाजीने त्यांना ओढून काढलं. चापाजी टिळेकर नावाचा हुजऱ्या निःशस्त्र होता, तो धन्याच्या अंगावर आडवा पडला. दोघांनाही तिथेच तोडलं. त्या दुपारी वाड्यात इतरही माणसं मेली, त्यात नोकर होते, बायकाही होत्या. नारायणराव अठरा वर्षांचे होते. पत्नी गंगाबाई गरोदर होत्या.

चापाजीचं नाव मी वॉकमध्ये नेहमी घेते. त्याच्यासाठी कोणी थांबत नाही, हे मला फार लागतं. पेशव्याची किंकाळी ऐकायला लोक पैसे मोजतात, आणि अंगावर आडव्या पडलेल्या त्या गड्याच्या नावाने पुण्यात एक अफवासुद्धा नाही. विठोजी होळकरांचंही तेच. 1801 मध्ये दुसऱ्या बाजीरावाने त्यांना याच वाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं. आम्ही उभे राहतो त्याच आवारात कुठेतरी. त्यांची भुताटकी मला आजवर कोणी विचारलेली नाही.

त्या रात्री मात्र चापाजीपाशी सगळे थांबले. इंदूरच्या काकूंनी ते नाव दोनदा म्हणून घेतलं. आणि नेमकी तेव्हाच मागून किंकाळी वाजली. मुलाचा दोष नाही, त्याला घड्याळ लावून दिलेलं असतं. कॉलेजची पोरं दचकली, एक मुलगी खरंच ओरडली, दोघंचौघं हसले.

मामा वळले. रागावले नाहीत. ‘बंद कर बाळा ते,’ एवढंच म्हणाले. मग आमच्याकडे बघून, जरा थांबून बोलले:

‘माझ्या नोकरीत एक केस होती. बांधावरनं भांडण. चुलत्यानं पुतण्याला मारला, दिवसाढवळ्या, वस्तीवर. पंधरा-वीस घरं. पंचनाम्याला गेलो, तर प्रत्येक जण म्हणतोय, साहेब, आम्ही रानात होतो. सगळी वस्ती रानात. आता तिथं म्हणे रात्रीचं पोरगं ओरडतंय, कोण जात नाही तिकडनं. मी म्हटलं, ओरडला तेव्हा ऐकलं नाही कुणी, आता बरं ऐकू येतंय.’

कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. गाड्यांचे हॉर्न चालूच होते.

नंतर आम्ही कोटाच्या कडेने दक्षिणेकडे, जांभूळ दरवाजापर्यंत गेलो. त्याला नारायण दरवाजाही म्हणतात. नारायणरावांचं प्रेत इथून बाहेर काढलं, असं सांगितलं जातं. एरवी इथे मी लोकांना फोटोसाठी वेळ देते. त्या रात्री फोटो कमी निघाले आणि प्रश्न जास्त आले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी कशी केली, आरोपींत कोण कोण निघाले. नुसते गारदी नव्हते, कारभारात वावरणारी, लिहिती-वाचती माणसंही होती. खुनानंतर पेशव्याच्या पदावर बसलेल्या रघुनाथरावांना रामशास्त्र्यांनी तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. पुढे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेले कारभारी, म्हणजे बारभाई, उभे राहिले, एप्रिल 1774 मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि रघुनाथरावांची पेशवाई संपली. गस्तीवरच्या पोलिसाने येऊन हटकलं तेव्हा बारा वाजून गेले होते. माझ्या कामात इतका सजग ग्रुप मला क्वचित मिळालाय.

सोमवारी दोन तक्रारी आल्या. ‘भीती वाटलीच नाही, शाळेचा तास वाटला.’ पैसे परत मागितले होते. संयोजकाचं म्हणणं, लोक थरारासाठी येतात, चौकशी आयोगासाठी नाही. त्याचा धंदा आहे, माणसांचे पगार आहेत, त्याची अडचण मला कळते. पण मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते. माझ्या मते त्या रात्री लोकांना जी भीती वाटली तीच या जागेची खरी भीती आहे. घर माणसांनी भरलेलं, सकाळीच सूचना मिळालेली, वर सूर्य, आणि तरीही पोरगं वाचलं नाही. भुताच्या गोष्टीत हे सगळं अंधारात जातं. उरतो एक आवाज, आणि त्यासाठी कोणालाच जाब विचारावा लागत नाही. राजस्थानातल्या, भुतांसाठी प्रसिद्ध भानगड किल्ल्यावरही मी हेच पाहिलं. फाटकावर सूर्यास्तानंतर प्रवेशबंदीचा फलक आहे, सगळ्यांचे फोटो त्या फलकासोबत, आणि ते गाव उजाड का झालं हे विचारणारं कोणी नाही.

भुतांच्या वॉकला माझा विरोध नाही. त्या निमित्ताने का होईना, दिल्ली दरवाजासमोर ज्यांनी कधी पाय ठेवला नसता अशी माणसं येतात. दंतकथाही मी मनापासून सांगते. लोकांनी अडीचशे वर्षं एखादी गोष्ट सांभाळली तर ती टाकाऊ नसते. पण मामांचं ते वाक्य ऐकल्यापासून ती किंकाळी माझ्या तोंडून नीट निघत नाही. स्पीकर असेल तर मी येणार नाही, असं कळवलंय. त्यावर उत्तर आलेलं नाही. हाच वॉक भर दुपारी, तिकीट काढून आत, जोत्यांवरून फिरत करावा असाही प्रस्ताव दिलाय. उन्हात कोण येणार, असं संयोजक म्हणतो.

एक माणूस नक्की येणार आहे. परवा भाच्याचा फोन आला, मागून मामांचाच आवाज येत होता. त्यांना भिंत फोडली होती ती जागा बघायचीय, आणि रघुनाथरावांची बैठक तिथून किती पावलांवर होती ते मोजायचंय. जागेवर आता जोत्यांखेरीज काही नाही, असं मी सांगितलं. ‘जोतं असलं तरी अंतर निघतंय,’ असा मागून निरोप आला. दसऱ्यानंतरचा दिवस ठरलाय. तोवर वाड्याचे जुने नकाशे पुन्हा काढून बसले आहे.