रेडिएटरवर पंखे: खर्च कमी, पण स्क्रू मोजून

कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगच्या रेडिएटरवर पंखे बसवताना प्लास्टिकचे टाय, फोम, जुन्या पंख्याची चौकट यांवर खुशाल पैसे वाचवा. स्क्रूच्या लांबीत मात्र अंदाजपंचे नको. दोन मिलिमीटर जास्त आत गेला की स्क्रू थेट पाण्याच्या नळीत घुसतो आणि रेडिएटर भंगारात जातो.

आधी आटे ओळखा. रेडिएटरची भोकं बहुधा एम३, एम४ (३ आणि ४ मिलिमीटर) किंवा ६-३२ (इंची माप) यांपैकी एका मापाची असतात. तपासायला कॅबिनेटसोबत आलेले स्क्रू पुरतात: अडीच इंची एसएसडीचा बारीक आट्यांचा तो एम३, साडेतीन इंची हार्ड डिस्कचा जाड आट्यांचा तो ६-३२. पेचकस न लावता बोटांनी दोनच फेरे द्या. दोन्ही डुगडुगले तर एम४ समजा. जबरदस्ती केलीत तर आटे गेलेच. जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा पत्रा, त्यात आटे असून असून किती असणार!

आता खोली. काडेपेटीतल्या काडीचं गुलाचं टोक मोडून टाका. काडी भोकातून आत टेकेपर्यंत हलकेच सरकवा, पत्र्याच्या पातळीवर नखाने खूण करा, बाहेर काढून मोजा. समजा ५ मिलिमीटर भरले. पंखा २५ मिलिमीटर जाड, म्हणजे ३० चा स्क्रू बरोबर नळीला टेकणार. डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटरचे तीन-चार वॉशर घाला, काम झालं. मधे कॅबिनेटचा पत्रा येत असेल तर त्याची जाडी बेरजेत धरा. पंख्याच्या कोपऱ्यांवरचं रबर मात्र धरू नका, ते दबतं.

एका पंख्याला चार स्क्रू हवेतच असं नाही. तिरके समोरासमोर दोन पुरतात, म्हणजे तीन पंख्यांच्या ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरला बाराऐवजी सहा. पंख्याचे कोपरे मधे उघडे असतील तर लांब स्क्रूही नको. ८ मिलिमीटरचा स्क्रू फटीतून रेडिएटरकडच्या भोकात ठेवायचा आणि पेचकस वरच्या भोकातून खाली घालायचा. टोकाला चुंबक नसेल तर स्क्रू वीस वेळा पडेल, तेवढा धीर ठेवा. कोपरे बंद नळीसारखे असतील तर ही युक्ती चालत नाही.

टाय रेडिएटरच्या भोकातून ओवायला जाऊ नका. आतून परत फिरवायला जागा नसते आणि आट्यांच्या धारेवर तो कापला जातो. टायचा खरा उपयोग पंख्याला पंखा बांधायला. १२० मिलिमीटरच्या पंख्यात भोकांचं अंतर १०५ मिलिमीटर, म्हणून शेजारच्या दोन पंख्यांची भोकं १५ मिलिमीटरवर येतात. अडीच मिलिमीटर रुंदीचा टाय तिथून आरामात जातो. तीन पंख्यांची अशी फळी केली की बाहेरच्या चार कोपऱ्यांना चार स्क्रू बस्स. रेडिएटर छताला उलटा टांगलेला असेल तर मधल्या पंख्यालाही दोन द्या. टाय फार आवळला की चौकट वाकते आणि पातं घासून टकटक येते. प्रत्येक टायनंतर पंखा बोटाने फिरवून बघा.

बंद पडलेला पंखा फेकू नका. मोटर धरणारे दांडे कापून काढले की २५ मिलिमीटरची रिकामी चौकट उरते. ती पंखा आणि रेडिएटरच्या मधे घातली की मोटरच्या मागे हवा न पोचणारा पट्टा बराच कमी होतो. आता हवेत ५५ मिलिमीटरचे स्क्रू. ते सहज मिळत नाहीत, तेव्हा त्याच आट्यांचा सळईसारखा रॉड आणून तुकडे करा. एम३ चा एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, तेव्हा सहा फेरे मोजून थांबा. वरून नट आवळताना रॉडचं टोक पकडीने धरून ठेवा, नाहीतर नटाबरोबर रॉडही फिरत आत जातो.

शेवटी दाराच्या फटीला लावतात तसली फोमची पट्टी पंखा आणि रेडिएटरच्या कडेने चिकटवा. एरवी हवा रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमधून जाण्याऐवजी त्या फटीतून निसटते. पट्टी भोकांवर येऊ देऊ नका; स्क्रू फिरताना फोम गुंडाळून आट्यांत अडकतो.