सोडायला जाणं आणि खेळायला जाणं

जून आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच विषय, कोणी कुठला क्लास लावला. स्केटिंग, कराटे, फुटबॉल, बॅडमिंटन, आणि मग फी किती, बॅच कितीची, व्हॅन आहे का. आमची लेक पण जायची स्केटिंगला, आम्ही सगळे आईबाबा कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसायचो. एकदा माझी बॅटरी संपली म्हणून बसल्या बसल्या नीट बघत होते तर एक तासाच्या बॅचमध्ये पोरं बराच वेळ नुसती रांगेत उभी, एक राउंड मारायचा आणि परत शेपटाला येऊन थांबायचं. सरांचाही दोष नाही म्हणा, इतकी पोरं आणि जागा एवढीशी. क्रिकेटच्या कोचिंगला तर विचारूच नका, नेटमध्ये बॅटिंग मिळेपर्यंत लांब कुठेतरी फिल्डिंगला उभं राहायचं आणि गवत उपटत बसायचं.

आणि दुसऱ्या बाजूला आपला फॅमिली टाइम. तो म्हणजे काय तर मॉल, पिक्चर, हॉटेल, नाहीतर सोफ्यावर चौघांनी मिळून काहीतरी बघायचं, सगळीकडे बसायचंच की! म्हणजे हालचाल पैसे देऊन बाहेर आणि एकत्र वेळ घरी बसून, अशी वाटणी झालीये. दोघं नोकरी करणाऱ्या घरात आठवड्याला दोन्हीसाठी वेगवेगळा वेळ कुठून आणायचा? मला तरी जमत नाही, म्हणून आम्ही दोन्ही एकत्रच करून टाकलं.

डब्ल्यूएचओच्या 2020 च्या गाइडलाइन्समध्ये 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं सांगितलीत, तीही दम लागेल अशा हालचालीची, आणि आठवड्यातून निदान 3 दिवस त्यात जोराचं आणि हाडं-स्नायू बळकट होतील असं काहीतरी हवं, म्हणजे पळणं, उड्या मारणं, चढणं. यातला सरासरी हा शब्द मला फार आवडला, कारण टेस्टच्या आठवड्यात मंगळवार-बुधवार गेले कामातून तरी रविवारी भरून काढता येतं. दम लागला की नाही हे कळायला घड्याळबिड्याळ लागत नाही, बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही म्हणजे मध्यम, आणि दोन-चार शब्दांपुढे बोलणंच होत नाही म्हणजे जोराचं. आमच्या धाकट्याची ही टेस्ट पुण्यातल्या पर्वतीवर होते. 103 पायऱ्या, रुंद आणि बसक्या, खाली सुरू करताना त्याची बडबड चालू असते आणि मध्यावर आपोआप बंद पडते :) उतरल्यावर इडली किंवा वडा होतोच, तेव्हा वजनाचं वगैरे मी काही बोलत नाही.

2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं सांगितलं, त्यामुळे धाकट्याच्या शाळेची वेळ बदलली आणि आम्हाला सकाळचा वेळ मिळाला. मोठी सहावीत, तिची शाळा अजून सातचीच, त्यामुळे सकाळी बाबा आणि धाकटा तळजईच्या टेकडीवर आणि संध्याकाळी मी आणि ती खाली पार्किंगमध्ये. पार्किंगमध्ये बॉल खेळायला मनाई असा बोर्ड आहे बरं का, गाड्यांच्या काचा म्हणे. मग आम्ही बॉल न लागणारं खेळतो. शिवणापाणी, लंगडी, साखळी, डबा ऐसपैस. डबा ऐसपैसला तर गाड्यांचा उपयोगच होतो लपायला.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्रातले, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. ते बघून लेकीला खो-खोचं वेड लागलं. चार माणसांत खो-खो कसा होणार, पण पार्किंगच्या पिलरला धरून वळसा मारायची प्रॅक्टिस मात्र जोरात सुरू झाली, वॉचमन काका पहिल्यांदा ओरडले आणि नंतर स्वतःच दाखवायला लागले की हात असा धर म्हणजे घसरणार नाहीस, ते शाळेत खेळायचे म्हणे.

खरी अडचण पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये टेकडीवर चिखल आणि पार्किंगमध्ये डबकी, पोरं घरात, आणि घरात म्हणजे स्क्रीन. यावर उपाय काढला सासूबाईंनी. त्या सांगलीकडच्या, मंगळागौरीचे खेळ सगळे तोंडपाठ. श्रावणात एका शनिवारी टीपॉय भिंतीला लावला, सतरंजी गुंडाळली आणि म्हणाल्या चला. फुगडी, दंडफुगडी, कोंबडा, पिंगा, किस बाई किस... अहो मी जिमला जात होते काही महिने पण कोंबडा घालून उकिडवं उड्या मारत खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले तर मांड्या दोन दिवस बोलत होत्या. ज्यांना वाटतं हे बायकांचं नटूनथटून करायचं काहीतरी आहे त्यांनी एकदा सलग दंडफुगडी घालून बघावी. धाकटा आधी कोपऱ्यात, मुलगे फुगडी खेळत नाहीत म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "अरे वारीत बाप्ये घालतात की फुगड्या, तुझे आजोबा घालायचे." मग काय, बापलेकाची फुगडी लागली, पायाला पाय जुळवून हात तिढा घालून मागे झुकायचं, सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो म्हणून त्या खुर्चीत बसून गाणी म्हणत होत्या आणि चुकलं की ओरडत होत्या. खालच्या मजल्यावरून फोन आला तेव्हा कुठे थांबलो. आता खालच्यांनाच वर खेळायला बोलावतो.

आणि घरकाम पण यात धरा. 2019 मध्ये डब्ल्यूएचओचा एक मोठा अभ्यास आला होता, 2016 पर्यंतच्या आकड्यांवरचा. जगातल्या 11 ते 17 वयाच्या 81 टक्के मुलांची हालचाल पुरेशी नाही, मुलींमध्ये 85 आणि मुलग्यांमध्ये 78 टक्के. भारताचा आकडा त्यातल्या त्यात बरा होता आणि त्याचं कारण काय असू शकेल तर म्हणे मुलगे क्रिकेट खेळतात आणि मुली घरकाम करतात. म्हणजे भावाने बॅट घ्यायची आणि बहिणीने केरसुणी, झाला दोघांचा व्यायाम! मला हे वाचून इतका राग आला की त्या रविवारपासून आमच्याकडे फरशी पुसायचं काम धाकट्याचं आणि गच्चीवरून वाळलेले कपडे आणायचं काम बाबांचं, लिफ्ट न वापरता. लेक त्या वेळात पिलरपाशी.

शाळेत होतं की पीटी, असं कोणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, परीक्षा जवळ आल्यावर तो तास कोणाला जातो? गणिताला. आमच्या वेळी पण तसंच होतं म्हणा, फक्त आम्ही घरी आल्यावर दप्तर टाकून अंधार पडेपर्यंत बाहेर असायचो, आईबाबांना बरोबर यायची गरजच नव्हती. आता रस्त्यावर गाड्या आणि बिल्डिंगमध्ये त्या वयाची पोरं मोजून चार, तीही वेगवेगळ्या क्लासला. म्हणून खेळगडी व्हायचं काम आपल्यावर आलंय. एक मात्र सांगते, मुद्दाम हरायचं नाही. त्यांना लगेच कळतं आणि मग मजा जाते. तसंही धाकटा आता शिवणापाणीत मला हातच लावू देत नाही.

सध्या आट्यापाट्या शिकायचं खूळ आहे. सासूबाईंनी कागदावर पाट्या काढून दिल्यात, पण चार माणसांत तो खेळ उभा राहत नाही. रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही तळजईवर असतो, पाट्या आखायला फक्की आम्ही आणतो. येत असाल तर कमेंटमध्ये सांगा, पोरं असतील तर उत्तमच, नसतील तरी या, माणसं हवीयेत.