४५ दिवसांचं खत साडेचार महिन्यांनी

ओल्या कचऱ्याचं खत घरी करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी एकच भीती घातली: वास सुटेल, अळ्या होतील. सोलापुरात कचरा कुजण्याआधी वाळून बसतो, हे कुणीच सांगितलं नाही. त्याचा राग अजून जात नाही.

ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करा, असं घनकचरा व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम सांगायचे. ते आमच्याकडे आधीपासून होतं. मार्चच्या सुरुवातीला जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवर भोकं पाडलेला पिंप ठेवला. रोजचा ओला कचरा, वर शेंगांच्या टरफलांचा थर. शेंगाचटणीच्या गावात टरफलांना काय तोटा!

पिंप विकणाऱ्याने ४५ दिवस सांगितले होते. ४५ व्या दिवशी झाकण काढलं तर मेथीच्या काड्या खुळखुळत होत्या, कलिंगडाच्या साली पापडासारख्या कडक, कढीपत्त्याचं पानन्‌पान ओळखू येत होतं. फोन केला. "ताई, पंधरा दिवस थांबा." थांबले. पुन्हा फोन, पुन्हा पंधरा दिवस. मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला, पिंपात तसूभर फरक नाही. तिसऱ्या फोनला त्याने कल्चरचं, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं, आणखी एक पाकीट घ्यायला लावलं. पिंप उन्हात आहे का, आत ओल आहे का, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

ते सासूबाईंनी विचारलं. त्यांनी मूठभर कचरा दाबला, तो भुरभुर गळून गेला. "अगं, यात ओल कुठंय? गावाकडं उकिरड्यावर आम्ही पाणी मारायचो." कुजवणारे जिवाणू ओलीवर जगतात, कचऱ्याच्या वजनात निम्मं तरी पाणी लागतं. ते नसेल तर कल्चर नुसतं पडून राहतं.

पण नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या घरात कचऱ्यावर बादली ओतायला जीव होत नाही. मग डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी साठवलं, त्यात थोडं आंबट ताक, आणि पिंप जिन्याखाली सावलीत आणला. आठ दिवसांनी आत हात घातला तर गरम लागलं! मी घरातल्या सगळ्यांना हात घालायला लावला.

मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. आणि हो, टरफलं चुरून घाला, अख्खी लवकर कुजत नाहीत. खारट, तेलकट कालवण नको.

जुलैच्या मध्यावर काळं, मोकळं खत चाळलं. तुळजापूर रोडच्या कचरा डेपोकडे जाणारी आमची रोजची एक बादली थांबली आहे. चाळणीवर उरलेल्या काड्या फेकू नका, पुढच्या पिंपात विरजण म्हणून टाका.