अर्धा कोयता

आमच्या बीडकडं ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. एकटी बाई किंवा एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. माझी माय आणि बाप्पा 12 हंगाम असे गेले. ते सहा-सहा महिने आमचं घर म्हणजे विधवा आजी, नवऱ्याला सोडून आलेली आत्या आणि आम्ही पाच लेकरं. त्या घराकडं बघून संस्कृती बुडाली असं कुणी म्हटलं नाही.

हे आठवलं ते वैशाखात, चुलत बहिणीच्या सुपारीच्या पंगतीत. नाना मोठ्यानं बोलत होते, "पोरी शिकल्या अन् घरं मोडायल्यात. आता तर बाप्या-बाप्याची लग्नं लावा म्हणायलेत. आपल्यात असलं नसतंय."

माझा चुलत भाऊ त्याच पंगतीत ताक वाढत होता. सात वर्षं झाली, पुण्यात तो एका मुलासोबत संसार करतोय. थोरल्या काकांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, दोन वर्षं, त्या दोघांनीच केलं. घरात त्या मुलाला 'रूम पार्टनर' म्हणतात. (भावाला विचारूनच लिहितेय.)

2023 मध्ये केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की भारतीय कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची मुलं. 17 ऑक्टोबरला न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्या व्याख्येत भाऊ बसत नाही. माझी आजी आणि आत्या तरी कुठं बसतात?

नाना 'आधीच्या सोशिक बायकां'चं फार कौतुक करतात. मायची गर्भपिशवी 34 व्या वर्षी काढली. पाळीत खाडा पडला की पैसे कापायचे, म्हणून. 2019 च्या सरकारी समितीला बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांत 13,861 जणी गर्भपिशवी काढलेल्या सापडल्या. आणि 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं जिल्ह्यात मुली 807. कमी पडलेल्या मुली माझ्या भावानं नाहीशा केल्या नाहीत, शिकलेल्या पोरींनीही नाही. न मोडलेल्या, चारचौघांत मानाच्या घरांतूनच त्या गेल्या.

काकांच्या डायलिसिसचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. भावानं नजरेनंच नको म्हटलं. मी गप्प बसले, ते अजून सलतंय.

संध्याकाळी माय त्याच्यासाठी धपाटे बांधत होती. डबे दोन होते. मला हळूच म्हणाली, "त्या दुसऱ्या लेकराला तिखट चालतंय का गं?"