पाचोळा, युरिया आणि आळशी बुरशी

बोस्टनजवळ राहायला आल्यापासून दर नोव्हेंबरला बॅकयार्डात ओक आणि मेपलच्या पानांचा नुसता खच पडतो. मेपलची पानं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विरून जातात, ओकची मात्र चामड्यासारखी तशीच्या तशी. आईला व्हिडिओ कॉलवर ढीग दाखवला तर म्हणाली, "अगं शेणकाला शिंपड, नाहीतर मूठभर युरिया टाक, बघ कसं भराभर कुजतं." शेण कुठून आणू, युरिया टाकला, आणि खरंच, चार दिवसांनी ढिगात हात घातला तर आत मस्त गरम!

म्हणजे नत्र मिळालं की कुजणं फास्ट, ऊब मिळाली की अजून फास्ट, असं माझं डोक्यात पक्कं झालं होतं. मग पीटरशॅमच्या हार्वर्ड फॉरेस्टबद्दल, म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधनाच्या जंगलाबद्दल, वाचायला लागले आणि गाडी अडली.

तिथे १९९१ पासून जंगलातल्या जमिनीत १० सेंटीमीटरवर वायरी पुरून माती ५ अंशांनी गरम ठेवलीय. हिवाळ्यात चारी बाजूंना बर्फ आणि मध्येच चौकोनी काळी जमीन दिसते म्हणे. मला आवडलं ते हे की काही प्लॉटमध्ये वायरी पुरल्यात पण करंट सोडलेलाच नाही, कारण खणल्यामुळे काय बदललं आणि उष्णतेमुळे काय, हे वेगळं काढता यायला पाहिजे ना! २६ वर्षांत गरम प्लॉटच्या वरच्या ६० सेंटीमीटर मातीतला १७ टक्के कार्बन उडाला. तोही एका चालीने नाही, काही वर्षं धडाधड, मग थंड, मग परत सुरू.

नत्राचं मात्र उलटंच. १९८८ पासून तिथेच काही प्लॉटवर दरवर्षी हेक्टरी ५० आणि १५० किलो नत्र टाकतात, आणि तिथे पाचोळ्याचा थर साठत गेला. नत्र टाकून पाचोळा साठतो?? मी दोनदा वाचलं.

मेख अशी आहे की पानात सेल्युलोज असतं आणि लिग्निन असतं, म्हणजे पानाला कडकपणा देणारा चिवट भाग. सेल्युलोजवाल्या सोप्या भागाला नत्र मिळालं की जंतू तुटून पडतात, म्हणून सुरुवातीला वेग दिसतो, माझ्या ढिगात दिसला तसा. लिग्निन फोडायचं काम मुख्यतः पांढऱ्या कुजीच्या बुरश्यांचं, त्यांची खास एन्झाइम्स लागतात, आणि आयतं नत्र मिळत राहिलं की ती कमी बनतात, बुरशीच कमी होते. घरी डबा यायला लागला की स्वयंपाक कोण करतंय, तसंच!

आणि दोन्ही एकदम झालं तर? त्यासाठी २००६ पासून वेगळे प्लॉट आहेत, ऊब अधिक नत्र. पण साधी बेरीज-वजाबाकी जमत नाही, कारण ऊब आली की मातीतलं अडकलेलं नत्रही आपोआप मोकळं होतं, म्हणजे नुसती ऊब असं काही उरतच नाही.

हे सगळं आईला सांगितलं. "जंगलात युरिया कोण टाकतं गं?"

"गाड्यांचा धूर, पॉवर प्लांट, शेतातला अमोनिया, सगळं पावसातून खाली येतं."

ती जरा गप्प बसली. "मग मी माझ्या खड्ड्यात टाकू की नको?"

"तू टाक गं, तुझ्या खड्ड्यात कुठे ओक आहे."