जंताच्या गोळीची वेळ आणि आमची चंद्री

माझी बहीण इंग्लंडला असते, तिचा कुत्रा ब्रुनो दोन वर्षं आमच्याकडेच गंगापूर रोडच्या घरी होता आणि यंदा एकदाचं त्याला तिकडे पाठवायचं ठरलं. आम्हाला वाटलेलं पिंजरा घ्यायचा, कार्गोचं बुकिंग करायचं, झालं. पण आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर ३० दिवस थांबून रक्ताची तपासणी, ती नीट आली की रक्त घेतल्या तारखेपासून परत ३ महिने थांबा. आई म्हणायला लागली, मुक्या जिवाला किती छळायचं रे.

शेवटची अट सगळ्यात वेगळी. तिथे पोचायच्या आधी कमीत कमी २४ तास आणि जास्तीत जास्त १२० तास, या मधल्या वेळेतच डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने जंताची गोळी द्यायची, प्राझिक्वांटेलची, आणि कागदावर तारखेसोबत वेळही लिहायची. मी म्हटलं डॉक्टर, जंताचं औषध आपण देतोच की दर तीन महिन्यांनी. मग त्यांनी समजावलं. एकिनोकॉकस मल्टिलॉक्युलॅरिस नावाचा पट्टकृमी आहे, २ ते ४ मिलिमीटरचा, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक. मध्य युरोपात कोल्ह्यांमध्ये सापडतो, ब्रिटनमध्ये नाही. कुत्र्याला सहसा काही त्रास होत नाही, पण विष्ठेतून पडलेली अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात कॅन्सरसारखी गाठ वाढत जाते आणि कळायलाच ५ ते १५ वर्षं लागतात. गोळीचा असर अंगात टिकत नाही, म्हणून फार आधी देऊन चालत नाही, आणि जंत इकडेच पडून जावेत म्हणून निदान एक दिवस तरी मधे हवा. कागदावर डॉक्टरांनी सकाळी ११:२० असं लिहिलं तेव्हा मला ती वेळ पटली होती.

पटली कारण मला आमची चंद्री आठवत होती.

निफाडकडे आमची शेती, गोठ्यात पाच एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टिन संकरित गाई, त्यातलीच एक चंद्री. चार वर्षांपूर्वी बाजारातून एक दुभती गाय आणली, देखणी होती, आणि आणल्या दिवशीच तिला बाकीच्यांच्या दावणीला बांधली, कारण दूध काढायला सोपं. तिच्या कानाच्या मागे बोट फिरवलं तर बारीक बारीक गोचीड लागत होती, वडील म्हणाले उद्या औषध मारू. तो उद्या आठवड्याने आला. गोचीड लहान असताना आजारी जनावराचं रक्त पिते, गळून भिंतीच्या फटीत जाते, तिथे कात टाकून मोठी होते आणि मग दुसऱ्याच गाईला चिकटते, हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं. पावणेदोन महिन्यांनी चंद्रीला १०६ ताप, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, दूध एकदम आटलं. थायलेरिया, म्हणजे गोचिडीतून होणारा ताप. त्यावरचं ब्युपारव्हाक्वोनचं महागडं इंजेक्शनही दिलं पण उशीर झाला होता. ती गेली तेव्हा सात महिन्यांची गाभण होती. आणि बाजारातली ती नवीन गाय मात्र ठणठणीत, तिला कधी साधा तापही आला नाही.

म्हणून परदेशातल्या अटींना कोणी नावं ठेवली की मला वाईट वाटतं. ब्रिटनमध्ये आधी गोचिडीचं औषधही सक्तीचं होतं, २०१२ पासून ते काढून टाकलं. पुढे २०१५-१६ च्या हिवाळ्यात एसेक्समधल्या हार्लो गावात कधी परदेशी न गेलेल्या कुत्र्यांना बबेसिया झाला, म्हणजे गोचिडीतून होणारा रक्ताचा आजार, जो तिथे आधी बहुतेक परदेशातून आलेल्या कुत्र्यांमध्येच दिसायचा. माझ्या मते ती अट काढायलाच नको होती.

आणि आपल्याकडे २०२२ ला लंपीत जनावरांचे बाजार बंद केले तेव्हा लोक किती चिडलेले, ज्यांचं पोट त्यावर त्यांचं खरंही होतं, पण माशी, डास, गोचीड हे काय तालुक्याची हद्द बघतात का.

ब्रुनो पोचला सुखरूप. मागच्या आठवड्यात आम्ही परत एक कालवड आणली, ती गोठ्यापासून लांब जांभळाखाली बांधलीय, वेगळी बादली, वेगळी गव्हाण, शेवटी तिचंच शेण काढायचं आणि मग हातपाय धुऊनच घरात. आज नववा दिवस. वडील रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन तिचे कान, शेपटीखालचा भाग, कास बघतात, काल दोन गोचिडी सापडल्या, त्या रॉकेलच्या डबीत टाकल्या.