बाबांची करवत आणि फणसाचा भुसा

बाबांची गोल करवत माझ्यापेक्षा वयाने मोठी. बिडाचं जड टेबल, पट्ट्यावर चालणारी मोटर मागे लोंबकळणारी, खाली चार पायांचा उघडा सांगाडा. फणसाची फळी घातली की पिवळा भुसा जमिनीवर, मोटरवर आणि कोपऱ्यातल्या सायकलवर सारखाच. उन्हाळ्यात झाडून भागायचं. मिरग लागला की मात्र इथे सावंतवाडीत भुसाही पाणी धरतो, आणि रात्री टेबलावर राहिलेल्या थराखाली सकाळी तांबूस गंज दिसतो. खरं सांगायचं तर मला आधी काळजी टेबलाची होती, फुप्फुसांची नंतर.

लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलं आहे, नाकाच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे, हे मी बाबांना सांगितलं, आणि भुसा ओढून घ्यायला करवतीला पाइप लावू म्हटलं. ते म्हणाले, "माझा आयुष्य ह्याच्यातच गेला. खयचो पाइप आणि खयचा काय!" मी पाइप आणायला गेलो.

पहिला प्रयत्न घरच्या व्हॅक्यूम क्लीनरचा. त्याला ओढ जबर, पण बारीक नळीतून हवा जाते थोडीच. नळीच्या तोंडापाशी हात धरला तर चिकटतो, वीतभर लांबचा भुसा मात्र हलत नाही. मग भुसा ओढून पिशवीत टाकणारा २ एचपीचा जुना ब्लोअर घेतला, तोंड ४ इंचांचं.

सांगाड्याच्या आत १२ मिमी प्लायचं चाडं, म्हणजे भुसा गोळा करणारं नरसाळं, बसवलं. पहिल्यांदा तळ सपाट ठेवला होता, सोपं म्हणून. चारी कोपऱ्यांत भुशाचे ढीग साचले. दुसऱ्यांदा बाजू ४५ अंशांहून तिरक्या केल्या, तेव्हा भुसा आपोआप तोंडाकडे घसरायला लागला. पाइप सांडपाण्याचाच, ११० मिमी पीव्हीसी. ब्लोअरच्या तोंडाशी फट राहिली, तिथे सायकलची ट्यूब गुंडाळली. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन लावले, कारण अचानक वळली की हवेचा वेग पडतो. पन्हाळी लवचीक नळी हातभरच ठेवली, तीही हवा अडवते.

यानंतर मी माझी सगळ्यात मोठी चूक केली. मागची मोटरची खाच, पातं तिरकं करायच्या चाकाची पुढची फट, टेबलाखालची प्रत्येक चीर मी पुठ्ठा आणि टेप लावून बुजवली. दोन दिवस गेले. चालू केलं तर ओढच नाही, भुसा पुन्हा खाली. बाबा बघत होते. म्हणाले, "अरे, चुलीक वारो नको?" आत यायला वाटच नाही तर ब्लोअर ओढणार काय? ज्या बाजूला पातं भुसा फेकतं त्याच्या समोरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढं भोक पाडलं, तेव्हा कुठे प्रवाह सुरू झाला.

मागचं झाकणही काढावं लागलं. पातं ४५ अंशांत तिरकं केलं की मोटर मागे झुलते आणि थेट झाकणावर आदळते. ते चाकाने पूर्ण फिरवून आधीच बघायला हवं होतं. आता तिथे रबराचा पडदा आहे, मोटर त्याला ढकलून जाते. मोटर मात्र मी चाड्याबाहेरच ठेवली. जुनी उघडी मोटर आहे, पेटीत कोंडली तर तापेल.

दोन्ही एकदम सुरू केल्यावर घरचे दिवे मिणमिणतात, म्हणून ब्लोअर आधी आणि थोडं थांबून करवत. पावसात कापडी पिशवी दमट होऊन बुरशी धरते, ती काढून चुलीवरच्या माळ्यावर सुकवतो.

खालचा बहुतेक भुसा आता पिशवीत जातो. पात्याच्या दातांनी वर उडणारा अजून तसाच, त्याला वरून हूड लावायचा आहे. तोवर मास्क सुटत नाही, माझा तरी. फणसाचा भुसा काकी शेगडीला नेते, प्लायचा देत नाही मी, त्यात गोंद असतो. बाबांची तक्रार एवढीच की ब्लोअरच्या आवाजात रेडिओ ऐकू येत नाही.